मालकांच्या पोटावरचं मत

तर ऐका, त्या शिवणकारखान्यात रेडिओ एकच होता. मोठ्या हॉलच्या मधोमध, उंच फळीवर, आणि त्याचा आवाज असा की शिवणयंत्रं एका सुरात घरघरत असली तरी वर चढून बसायचा. चोवीस माणसं, चोवीस डोकी, चार प्रकारचे कान. काहींना जुनी गाणी हवी, काहींना नवी, काहींना मॅच. आणि एका मुलीला काहीच नको होतं. रेडिओ बंद. बस.

ती मुलगी म्हणजे टाचणी. काज-बटणाच्या टेबलावर बसायची. अंगानं एवढीशी, पण बोलली की टोचायचं, म्हणून तिला कोणीतरी टाचणी म्हणालं आणि ते तिला इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी मालकही खऱ्या नावासाठी दोन मिनिटं डोकं खाजवायचे.

दरवर्षी रेडिओवर मत घेत. हात वर करायचे, ज्यांचे हात जास्त त्यांचा रेडिओ, वर्षभर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गेल्या खेपेला जुनी गाणी अकरा, नवी आठ, मॅच चार, आणि शांतता एक. तो एक हात टाचणीचा. आता हिशोब तुम्हीच लावा. तेरा माणसांना जुनी गाणी नको होती, तरी वर्षभर जुनी गाणीच. जुन्या गाण्यांचे पुढारी म्हणजे कटिंग मास्तर. कात्री चालवताना ते असे काही डोळे मिटून गायचे की बघणाऱ्यालाच त्यांच्या बोटांची काळजी वाटायची.

आता हिला शांतता कशाला हवी होती? डोकं दुखायचं म्हणून? छे. सांगतो.

काज-बटण झालं की कपड्यांचा गठ्ठा जातो इस्त्रीला. गठ्ठा न्यायचं काम टाचणीचं. आणि इस्त्रीच्या टेबलामागे उभा असायचा तो, इस्त्रीवाला, गेल्या मताच्या थोडं आधीच लागलेला. उंच, वाफेनं कायम ओलसर कपाळ, आणि आवाज? आवाज असा की त्यानं कानाजवळ हाक मारली तरी वाटावं शेजारच्या गल्लीत कोणी बोलतंय. टाचणी गठ्ठा ठेवायची, तो इस्त्री बाजूला करायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मी काय म्हणतो..." आणि नेमका तेव्हाच वर फळीवर कोणीतरी गळा काढायचं. पुढचं सगळं वाहून जायचं. त्याचे ओठ हलताना दिसायचे, तेवढंच. ती आपली "हो" म्हणायची, कधी "बघू" म्हणायची, आणि परत येताना डोक्याला हात लावायची, की आपण नक्की कशाला हो म्हणालो?

तुम्ही म्हणाल, कामावरून सुटल्यावर बोलायचं. कसं बोलणार? इस्त्रीवाला सगळ्यात शेवटी सुटायचा, आणि टाचणीला घरी न्यायला आत्या होती. आत्या त्याच कारखान्यात ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाच्या कडा बांधायच्या मशीनवर, तिनंच हिला इथं चिकटवलेलं. काम सुटलं की आत्या हिचं कोपर धरायची ते घराच्या दारापर्यंत. फोन नंबर मागावा, तर नंबर मागायलाही आधी ऐकू यायला हवं ना.

म्हणून शांतता हवी होती. आणि एका मतानं ती या जन्मात मिळणार नव्हती.

तर यंदा मताचा दिवस जवळ आला तशी टाचणी डबा खाताना उभी राहिली. "मास्तर, एक विचारू? तुम्ही शर्ट कापता तेव्हा मोठ्या माणसाच्या मापानं सगळ्यांचे कापता का?"

"असं कोण कापेल?"

"मग दिवस का तसा कापता? आठ तास आहेत. आपण चोवीस जण आहोत. तीन मतांना एक तास. ज्याची जेवढी मतं, तेवढा त्याचा वाटा. तुमची नऊ असली तर तुम्हाला तीन तास. मॅचवाल्यांची तीन असली तर एक. कोणाचं मत फुकट जायला नको."

हॉलमध्ये चपातीचे घास थांबले. मॅचवाल्यांनी तर ताबडतोब टेबल वाजवलं. खिसेवाली, म्हणजे खिसे शिवणारी, टाचणीची मैत्रीण आणि नव्या गाण्यांची पुढारी, ती म्हणाली, "हे मला आधी का नाही सुचलं?"

मास्तर शांतपणे हात पुसत म्हणाले, "सुचलं नाही ते बरं. हे बघ पोरी, चार कापडांचे तुकडे जोडून शर्ट होतो, पण तो कोणी घालत नाही. एका तासाला एक चाल, दुसऱ्या तासाला दुसरी. मशीनचा पाय कोणत्या ठेक्यावर चालवायचा? आणि दुसरं. आज रेडिओ आवडला नाही तर शिव्या द्यायला मी आहे. हक्काचा माणूस आहे. उद्या कोणाला देणार? मी म्हणेन माझा तास नव्हता, ही म्हणेल हिचा नव्हता."

"तुम्हाला शिव्या खायची आवड आहे म्हणून आम्ही वर्षभर ऐकायचं का?" टाचणी म्हणाली.

आता मालक. मालक चांगले होते, फक्त पोट त्यांच्या शर्टाच्या पुढे असायचं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, करून बघू. पण एक अट घातली. तीनपेक्षा कमी मतं असतील त्याला तास नाही. "नाहीतर उद्या प्रत्येकजण आपापला पक्ष काढेल. एकाला बासरी, एकाला बातम्या, आणि मी दिवसभर बटणं फिरवत बसू?" उरलेला तास जाईल ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याच्याकडे.

तीन. टाचणीला तीन मतं हवी होती. एक तिचं. दुसरं कॉलरवाल्याचं, तो कॉलर शिवायचा आणि जेवणानंतर कॉलरवरच डोकं टेकायचा, त्याला झोपायला शांतता हवी, त्यानं आनंदानं मान हलवली. आणि तिसरं? तिसऱ्याला विचारायची गरजच नव्हती. इस्त्रीवाला. त्यालाच तर बोलायचं होतं. दोन आणि एक तीन, झालं की.

मतदान बटणांनी करायचं ठरलं. कोणाच्या खिशात कसली बटणं असतील सांगता येत नाही, म्हणून मालकांनी एका रद्द झालेल्या कोटांच्या ऑर्डरची हिरवी, चार भोकांची, मोठी बटणं काढली. तसली इतरत्र कुठेच नव्हती. प्रत्येकाला एक. चार बरण्यांना अस्तराचं कापड गुंडाळलं म्हणजे आतलं दिसायला नको, आणि चारही बरण्या ठेवल्या टाचणीच्या टेबलावर, कारण बटणांचं सगळं तिथंच असतं.

सगळे एकेक करून आले, टाकून गेले. टाचणीनं डोळे मिटल्यासारखं करून प्रत्येकाच्या हाताकडे बघितलं, पण काही कळलं नाही. आत्या आली, इस्त्रीवाला आला, खिसेवाली तर बटणाला फुंकर मारून गेली. शेवटी मालक आले, सगळं नीट चाललंय ना बघायला. वाकले, बरण्यांत डोकावले, आणि टक्. पोटावरचं बटण सुटलं, टुणटुणत गेलं आणि मशीनखाली दिसेनासं झालं.

आता टाचणीच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची. सुटलेलं बटण दिसलं की तिचा हात आपोआप चालायचा, डोळ्याची पापणी मिटावी तसा. "थांबा मालक, हलू नका," म्हणाली, हाताला लागलं ते बटण उचललं, चार टाके, दोन वेढे, गाठ, दातानं दोरा तोडला. मालकांचं बोलणं चालूच होतं. त्यांनाही कळलं नाही.

दुपारी मोजणी. सगळे गोल करून उभे. मालकांनी एकेक बरणी पालथी केली.

जुनी गाणी नऊ. नवी गाणी नऊ. खिसेवालीनं मास्तरांकडे बघून भुवया उडवल्या. मॅच तीन.

शांतता दोन.

दोन? टाचणीनं सरळ इस्त्रीवाल्याकडे बघितलं. तो इस्त्रीच्या वायरकडे बघत होता.

"तेवीसच झाली," मालक म्हणाले. "एक मत कुठे गेलं? कोणी टाकलं नाही का?" सगळे म्हणाले टाकलं. टेबलाखाली शोधलं, मशीनखाली शोधलं, तिथं मालकांचं पांढरं बटण सापडलं. मालक ते हातात घेऊन म्हणाले, "हे माझं. मग माझ्या शर्टाला काय लावलंय?"

सगळे बघायला लागले. मालकांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर पोटाच्या टोकावर, एक हिरवं, चार भोकांचं, मोठं बटण. चोविसावं मत. शिवून पक्कं केलेलं.

हसू असं फुटलं की रेडिओ ऐकू येईना. फक्त टाचणी हसत नव्हती. "मालक, ते शांततेचं आहे. ती बरणी माझ्या हाताशी होती. मी तिथूनच उचललं."

"हे तू म्हणतेस," मास्तर पुढे आले. "चारही बरण्या तुझ्या टेबलावर होत्या. मला विचाराल तर ते आमचं आहे. मी माझी माणसं मोजली होती. दहा. बरणीत निघाले नऊ. दहावं हे बघा, मालकांच्या पोटावर." आणि दहा झाले की मास्तर सगळ्यात पुढे, म्हणजे उरलेला तासही मास्तरांचा. खिसेवालीचं हसू लगेच आटलं.

मालकांनी पोटावर हात ठेवला, जणू कोणी आत्ताच उसवून नेईल. "सोपं आहे. ज्याचं हे मत आहे त्यानं सांगावं. शांततेच्या बरणीत कोणी कोणी टाकलं?"

"मी," टाचणी.

"मी," कॉलरवाला, जांभई देत.

"आणि?"

टाचणीनं परत इस्त्रीवाल्याकडे बघितलं. बोल ना. इतके महिने ओठ हलवतोयस, आज एक शब्द बोल. तो लाल झाला आणि मान खाली घातली. टाचणीला वाटलं, आपण काय मूर्खपणा करून बसलोय. कोणासाठी चाललंय हे सगळं?

"आणि मी," मागून आवाज आला.

आत्या.

मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या कात्रीनं पत्रा कापला. "तुम्ही? तुम्हाला तर मी सगळ्यात आधी मोजलं होतं. इतकी वर्षं माझ्या बाजूला बसून ऐकताय."

"मास्तर, बसते कारण मशीन तिथं आहे," आत्या म्हणाली. "गाणी चांगली आहेत हो. पण तुम्ही बरोबर गाता ना, ते सहन होत नाही."

झालं. मत धरलं गेलं. बटण मात्र मालकांच्या शर्टावरच राहिलं, म्हणाले घट्ट बसलंय, कशाला उसवा.

आता पुढची गंमत. तास मिळाले, पण कोणता तास कोणाचा? ते ठरवायला आठांपैकी पाच तासांनी हो म्हणायचं होतं. मास्तरांचे तीन, खिसेवालीचे तीन, ती दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. म्हणजे मॅचचा एक आणि शांततेचा एक, ते दोन जिकडे जातील तिकडे पारडं. मॅचवाले म्हणाले, आम्हाला शेवटचा तास द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा, टाचणी म्हणेल तिकडे आम्ही. आणि एका रात्रीत टाचणी राणी झाली. सकाळी आली तर टेबलावर चहा. मास्तरांनी स्वतः आणलेला. तिची बोथट कात्री धार लावून ठेवलेली. खिसेवालीनं तर तिच्या खुर्चीला मऊ गादी शिवून दिली, आणि गादीला खिसाही.

"मला जेवणानंतरचा तास हवा," टाचणी म्हणाली. कारण इस्त्रीला गठ्ठे तेव्हाच जातात. तो तास मास्तर सोडायला तयार झाले, खिसेवाली नाही झाली, तिचीही गाणी तेव्हाच लागायची. मग टाचणी मास्तरांकडे गेली, सकाळचे तास मास्तरांना, आणि ठरलं. खिसेवाली तिच्याशी चक्क दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती अशी: "तीन मतांची बाई, आणि चोवीस जणांना नाचवते. हेच का तुझं प्रमाण?" आणि गादी परत घेऊन गेली.

टाचणीला वाईट वाटलं. कारण खिसेवालीचं काही चुकत नव्हतं. पण जेवणानंतरचा तास आला होता.

मास्तरांनी फळीवर चढून रेडिओ बंद केला. आणि तुम्हाला सांगतो, त्या हॉलला इतकी शांतता माहीतच नव्हती. मशीनांच्या घरघरीतही घड्याळ वाजतं हे लोकांना तेव्हा कळलं. टाचणीनं गठ्ठा उचलला. चालायला लागली. तिच्या चपलांचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. ती इस्त्रीच्या टेबलाशी पोचली, गठ्ठा ठेवला. त्यानं इस्त्री उभी केली. वाफ फुस्स झाली.

"मी काय म्हणतो..."

आणि सगळी मशीनं थांबली. एकदम. कोणी मुद्दाम नाही थांबवली, पाय आपोआप थांबले. बावीस माणसांनी माना खाली घातल्या आणि कान वर केले. मास्तरांची कात्री अर्धी उघडी. आत्याचा दोरा तुटलेला आणि ती तो ओवत नव्हती. कॉलरवाल्यानं, ज्यानं झोपण्यासाठी मत दिलं होतं, त्यानं एक डोळा उघडला.

इस्त्रीवाल्यानं घोट गिळला. तोही ऐकू आला.

"मी काय म्हणतो... गठ्ठा जड आहे का?"

"नाही," टाचणी म्हणाली.

"बरं."

हॉलमधून निराशेचा असा उसासा निघाला की वाफ त्याच्यापुढे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, बटणं पुरतात का. तिसऱ्या दिवशी तर नुसता खोकला. मास्तर म्हणाले, "यापेक्षा माझी गाणी बरी होती, निदान शेवटी काहीतरी कळायचं."

टाचणी वैतागली. एवढी भांडली, मालकांच्या पोटावर मत शिवलं, मैत्रीण दुखावली, आणि पदरात काय, खोकला. तिला वाटलं, सोडून द्यावा हा तास, देऊन टाकावा कोणालाही.

आणि तेवढ्यात मॅचवाले आले हात जोडून. फायनल होती. नेमकी जेवणानंतर. "एक दिवस, टाचणी. तुझा तास आम्हाला दे. शेवटचा आमचा तुला."

तिनं खांदे उडवले. "आजच्या दिवस फक्त. पण शेवटचा मला नको, तो खिसेवालीला द्या." खिसेवालीनं लांबून ऐकलं आणि गादी परत आणून ठेवली.

तर त्या दिवशी जेवणानंतर रेडिओवर फायनल. आवाज पूर्ण वर. समालोचक एवढ्या जोरात ओरडत होता की बरण्यांतली बटणं थरथरत होती, आणि मॅचवाले त्याच्याही वर. टाचणीनं आपला गठ्ठा उचलला, कोणाचं लक्ष नाही, सगळ्यांची तोंडं फळीकडे. गठ्ठा ठेवला आणि परत वळणार, तेवढ्यात तिच्या बाहीला वाफेसारखा गरम हात लागला.

"मी काय म्हणतो," इस्त्रीवाला म्हणाला. तिला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. पण या वेळी ती हो म्हणाली नाही, बघू म्हणाली नाही. टाचा उंचावल्या, टेबलावरून वाकली आणि कान सरळ त्याच्या तोंडाजवळ नेला.

"आता बोल."

आणि तो बोलला. अडखळत नाही, थांबत नाही, इतके महिने घडी घालून ठेवलेलं सगळं एकदम उलगडावं तसा. म्हणाला, तू गठ्ठा ठेवतेस आणि लगेच पळतेस, जरा थांबत जा. म्हणाला, तुझी काजं हाताला लागली की मला न बघता कळतात, त्यांच्यावरून मी इस्त्री हळू नेतो. म्हणाला, रविवारी मी मोकळा असतो, आणि तूही असशील तर नदीवरच्या पुलापाशी चालत जाऊ, तिथे कोणी रेडिओ लावत नाही.

"मग मत का नाही दिलंस शांततेला?" तिनं त्याच्या कानात विचारलं. तेवढं एक तिला टोचत होतं.

"शांततेत मला कसं बोलता येईल?" तो म्हणाला. "गोंगाट असला की धीर येतो. मी मॅचला दिलं. ती सगळ्यात जोरात असते."

टाचणी हसली, आणि नेमका तेव्हाच सगळा हॉल उसळला, कोणीतरी जिंकलं होतं. कोण, ते तिला आजही माहीत नाही.

संध्याकाळी आत्यानं नेहमीसारखं कोपर धरलं. कोपऱ्यापर्यंत नेलं. मग म्हणाली, "काय म्हणाला?"

"कोण?"

"मला वेडी समजू नकोस. मी ते बटण काय मास्तरांच्या गाण्याला कंटाळून टाकलं? ते तर होतंच. पण मलाही ऐकायचं होतं तो रोज काय पुटपुटतो ते. आणि तू ऐन वेळी मॅच लावलीस."

"आवाज फार होता आत्या. नीट ऐकू नाही आलं."

"हे बघ," आत्या थांबली. "शांततेची मतं तीन. त्यातलं एक माझं. तुझाच नियम. ज्याचं जेवढं मत तेवढा त्याचा वाटा. एक तृतीयांश सांग."

टाचणीनं विचार केला. नियम आपणच आणला होता, आता तोंड कुठं लपवणार.

"म्हणाला, जरा थांबत जा."

"एवढंच?"

"एक तृतीयांश एवढंच होतं."

"आणि बाकीचे दोन?"

"एक माझा. एक कॉलरवाल्याचा."

"तो तर झोपला होता."

"मग तोही माझाच."

आत्यानं पदर सावरला. "रविवारी नदीवर फार वारं असतं," ती म्हणाली, "शाल घेऊन जा." आणि कोपर सोडून पुढे चालायला लागली. टाचणी तिथंच उभी, तोंड उघडं, की हिला दुसरा तृतीयांश कळला कसा. मग आठवलं. ओव्हरलॉकच्या मशीनवरून इस्त्रीचं टेबल समोरच दिसतं. एरवी मधे टाचणीची पाठ यायची, आज ती वाकली होती. आणि त्या गोंगाटात इतकी वर्षं काढल्यावर आत्याला ओठ वाचता येत नसतील तर कोणाला येतील?